चिखलदरा परिसर : भूरचना व स्थलनामे

महाराष्ट्र राज्याच्या अमरावती जिल्ह्यातील गिरिस्थान व त्याच्या सभोवतीचा डोंगराळ प्रदेश. चिखलदरा हे सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सु. २१° २४′ उ. व ७७° २२′ पू. या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून सु. १,११८ मी. उंचीवर वसले आहे. ते अमरावतीच्या वायव्येस रस्त्याने सु. ८५ किमी. व परतवाड्यापासून सु. ३० किमी. अंतरावर आहे. थंड हवा, धबधबे आणि कॉफीचे मळे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. विस्ताराने लहान असलेल्या या पठारावर व त्याच्या आसपास पौराणिक, मराठी, फार्सी, इंग्रजी आणि कोरकू अशा अनेक परंपरांतील नावे एकमेकांशेजारी नांदताना आढळतात. कोणी, कोणत्या हेतूने व कोणत्या काळी हा प्रदेश वापरला, याचा इतिहास या नावांवरून बऱ्याच अंशी उलगडतो. त्याचबरोबर स्थलनाम कशाच्या आधारावर टिकते, या प्रश्नाचे उत्तरही त्यांतून मिळते.

भूरचना : गाविलगड रांग उत्तरेकडील तापी व दक्षिणेकडील पूर्णा या दोन नद्यांच्या खोऱ्यांमध्ये पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिचा दक्षिण उतार अत्यंत तीव्र असून पायथ्याशी असलेले अचलपूरचे मैदान समुद्रसपाटीपासून सु. ३७० मी. उंचीवर आहे, म्हणजे थोड्याच अंतरात भूमी सातशे मीटरांहून अधिक उंच होते. या उभ्या कड्याच्या पायथ्याने एक मोठा प्रस्तरभंग गेलेला आहे. त्याच्या उत्तरेची भूमी उंच राहिली व दक्षिणेची खचली. खचलेल्या भागात नद्यांनी आणलेल्या गाळाचे जाड थर साचून पूर्णेचे सुपीक खोरे तयार झाले. याच खोऱ्यात अकोला व अमरावती जिल्ह्यांचा खारपाणपट्टा मोडतो.

डोंगराचा माथा मुख्यतः बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांपैकी कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले, तर मऊ थर पाण्याने झिजून गेले. त्यामुळे पठाराच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांचे कडे व खोल, अरुंद घळी निर्माण झाल्या. अशा घळीला मराठीत दरा किंवा दरी म्हणतात. चिखलदऱ्याच्या सभोवती असे अनेक दरे आहेत. भीमकुंडाची घळ त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. येथे वर्षाकाठी सु. १५० सेंमी. पाऊस पडतो, पायथ्याच्या मैदानात त्याच्या जवळपास निम्माच पडतो. चंद्रभागा, शहानूर इ. दक्षिणवाहिनी नद्या पूर्णेस मिळतात, तर सिपना, गाडगा इ. नद्या उत्तरेकडे तापीस जातात. पूर्णाही पुढे चांगदेव येथे तापीस मिळत असल्याने या डोंगराच्या दोन्ही अंगांचे पाणी अखेर एकाच नदीत जाते. चिखलदऱ्याजवळचे वैराट (सु. १,१७७ मी.) हे या रांगेतील अत्युच्च स्थान होय. या सर्व वनप्रदेशाला मेळघाट म्हणतात. अनेक घाटांचा जेथे मेळ होतो तो प्रदेश, असा त्याचा अर्थ सामान्यतः केला जातो.

चिखलदरा या नावाची उपपत्ती : लोकपरंपरेनुसार हा मूळचा ‘कीचकदरा’ होय. अज्ञातवासातील पांडव विराट राजाच्या आश्रयास असताना भीमाने कीचकाचा वध केला, त्याचे प्रेत येथील दरीत फेकून दिले आणि जवळच्या कुंडात स्नान केले, अशी कथा सांगितली जाते. त्यावरून दरीला कीचकदरा व कुंडाला भीमकुंड ही नावे पडली, असे मानतात. महाभारताच्या विराटपर्वातील कथा मात्र निराळी आहे. तेथे कीचकाचा वध नृत्यशाळेत होतो आणि त्याचे बांधव त्याच्या प्रेतावर अंत्यसंस्कार करण्यास निघतात. दरीचा उल्लेख येत नाही. तेव्हा येथील कथा ही मूळ आख्यानाला स्थानिक भूरचनेची जोड मिळून तयार झालेली आहे, असे म्हणावे लागते.

भाषेच्या दृष्टीने पाहता कीचकदरा या रूपापासून चिखलदरा हे रूप सिद्ध करणे कठीण आहे. शब्दातील दोन वर्णांची अदलाबदल होणे, म्हणजे वर्णविपर्यय, ही प्राकृत व मराठीत आढळणारी प्रक्रिया आहे. महाराष्ट्र या शब्दाचे प्राकृतातील मरहट्ठ हे रूप हकार व रकार यांची जागा बदलून झाले. त्या न्यायाने कीचकमधील क आणि च यांची अदलाबदल कल्पिता येते. परंतु ककाराचा खकार का झाला व लकार कोठून आला, याचे समाधान त्याने होत नाही. उलट चिखल (प्राकृत चिक्खल्ल) व दरा हे दोन्ही शब्द मराठीत आजही प्रचलित असून त्यांच्यापासून हे नाव कोणत्याही बदलाशिवाय तयार होते. बेसाल्ट झिजून तयार झालेली चिकट माती आणि भरपूर पाऊस यांमुळे हा अर्थ स्थानाशीही जुळतो. हे नाव आरंभी पठाराचे नसून त्याच्या कडेच्या एखाद्या घळीचे असावे व वस्ती वाढल्यावर ते सर्व पठारास लागू झाले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. साध्या वर्णनात्मक नावाला प्रतिष्ठित कथेचा आधार देण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. चिखलदरा हे तिचे एक उदाहरण होय.

वैराट व पौराणिक भूगोल : वैराट हे नाव विराट राजाच्या राजधानीशी जोडले जाते. प्राचीन मत्स्य देश सामान्यतः राजस्थानात मानला जातो आणि जयपूरजवळील बैराट हे विराटनगर होय, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. तेथे अशोकाचा लेखही सापडला आहे. तथापि विराटनगरीचा मान सांगणारी स्थळे एवढीच नाहीत. साताऱ्यातील वाई आणि कर्नाटकातील हनगल यांच्याही बाबतीत तीच परंपरा आहे. यावरून एखादे ठिकाण खोटे व दुसरे खरे ठरविण्यापेक्षा, महाभारताची कथा आपल्या परिसरात घडली असे मानण्याची गरज त्या त्या समाजास का वाटली, हे पाहणे अधिक उद्‌बोधक ठरते. वऱ्हाडात ही परंपरा विशेष बळकट आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते, तर तिचा भाऊ रुक्मी याने वसविलेल्या भोजकटाचा संबंध अमरावतीजवळील भातकुलीशी लावला जातो. मैदानात राजवाडे आणि डोंगरात अज्ञातवास अशी या कथाभूगोलाची वाटणी दिसते. राजसत्तेपासून दूर, दडून राहण्याजोगा प्रदेश म्हणून मैदानातील लोक मेळघाटाकडे पाहत असत, हे या वाटणीवरून सूचित होते.

लेखांतील पुरावा : स्थलनामांच्या टिकाऊपणाचा सर्वांत भक्कम पुरावा डोंगराच्या पायथ्याशी मिळतो. अचलपूरजवळील चम्मक या गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. त्याच्या अठराव्या राज्यवर्षात दिलेल्या या दानपत्रात भोजकट राज्यातील, मधुनदीच्या तीरावरील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे नमूद आहे. फ्लीट यांनी १८८८ मध्ये व पुढे वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये वाकाटक लेखांच्या संग्रहात तो संपादून प्रसिद्ध केला. चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक. राजवंश गेले, राजभाषा अनेकदा बदलली, तरी सु. दीड हजार वर्षे गावाचे नाव मूळ रूप ओळखता येईल एवढ्याच फरकाने टिकून राहिले. मधुनदी हे नाव मात्र प्रचारातून गेले. गावाजवळून वाहणाऱ्या नदीस आज चंद्रभागा म्हणतात. एकाच ताम्रपटातील दोन नावांची अशी भिन्न गती झाली. शेतसारा, वतन, लग्नसंबंध अशा रोजच्या व्यवहारांत गावाचे नाव सतत उच्चारले जाते. नदीला मात्र तीर्थमाहात्म्याच्या ओघात नवे नाव मिळू शकते. अशी या भेदाची मीमांसा करता येते.

अचलपूरचे नावही याच दृष्टीने महत्त्वाचे आहे. नन्नराजाचा शके ५५३ (इ. स. ६३१-३२) मधील तिवरखेड ताम्रपट अचलपुराहून दिलेला आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या प्राकृत विभागात अचलपूर या शब्दात चकार व लकार यांची अदलाबदल होऊन अलचपूर हे रूप होते, अशी स्वतंत्र नोंद केली. गुजरातेतील व्याकरणकाराने वऱ्हाडातील एका नगराच्या उच्चारासाठी नियम द्यावा, यावरून त्या नगराची तत्कालीन ख्याती कळून येते. पुढील फार्सी कागदपत्रांतील एलिचपूर आणि इंग्रजी अमदानीतील तेच नाव या अलचपुरापासूनच आले. ईल नावाच्या राजावरून एलिचपूर हे नाव पडले, अशी दंतकथा प्रचलित आहे. परंतु हेमचंद्राची नोंद पाहता त्या कथेची जरूर उरत नाही. एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये अमरावती जिल्ह्यात विलीन करण्यात आला. स्वातंत्र्योत्तर काळात अचलपूर हे जुने रूप पुन्हा रूढ झाले.

गाविलगड व नरनाळा : डोंगराच्या दक्षिण कड्यावरील हे दोन किल्ले अनुक्रमे अमरावती व अकोला जिल्ह्यांत आहेत. अहमदशाह वली बहमनी याने एलिचपुरास मुक्काम असताना १४२५ च्या सुमारास गाविल बांधला व नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फिरिश्ता सांगतो. तथापि गाविल हे नाव फार्सी नाही. ते गवळी या शब्दाशी संबद्ध असून सुलतानाच्या बांधकामापूर्वी येथे गवळ्यांचे ठाणे असावे, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. मेळघाटात आजही गवळी समाजाची वस्ती असून म्हशी पाळणे हा तिचा परंपरागत व्यवसाय होय. त्यामुळे या मताला पुष्टी मिळते. नरनाळ्याचे नाव नरनाळसिंग नावाच्या राजपूत पुरुषावरून पडल्याचे सांगतात. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर १४८७ चा लेख असून गाविलगडाची दुरुस्ती इमादशाहीचा संस्थापक फत्हुल्ला इमादुल्मुल्क याने १४८८ मध्ये केली. सुलतानांनी तट, बुरूज व दरवाजे उभारले, परंतु किल्ल्यांची जुनी नावे बदलली नाहीत. अकबरकालीन आईन-इ-अकबरीतही वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची नावे गाविल व नरनाळा अशीच आहेत.

अठराव्या शतकात हे दोन्ही किल्ले नागपूरकर भोसल्यांकडे होते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे वेलस्लीने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. त्यानंतर इंग्रज फौजा गाविलगडावर चालून गेल्या. कर्नल स्टीव्हन्सन याने डोंगरातून वळसा घालून उत्तरेच्या बाजूस तोफा नेल्या आणि १५ डिसेंबर रोजी किल्ला पडला. किल्लेदार बेणीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला, तरी गाविलगड व नरनाळा त्यांच्याकडेच राहिले. शिंद्यांशी झालेला तह ३० डिसेंबर रोजी सुर्जी-अंजनगाव येथे झाला. अशा रीतीने वऱ्हाडातील काही लहान गावांची नावे एका महिन्याच्या अवधीत हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासात नोंदली गेली. इंग्लंडमध्ये १८५१ साली मंजूर झालेल्या हिंदुस्थानातील मोहिमांच्या पदकावर ‘आर्गॉम’ व ‘गाविलघर’ अशा नावांच्या पट्ट्या लावण्यात आल्या. अडगाव व गाविलगड यांचीच ती इंग्रजी रूपे होत.

इंग्रजी अमदानीतील नामकरण : हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदऱ्याचा शोध लावला, असे सामान्यतः नमूद केले जाते. येथे शोध या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. पठाराला लागूनच असलेला गाविलगड त्या वेळी निदान चारशे वर्षे वसलेला होता व त्याच्यासाठी वीस वर्षांपूर्वी लढाई झाली होती. रॉबिन्सनने शोधले ते हवापालटाचे ठिकाण. याच सुमारास लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची मोठी रेषा वऱ्हाडातून उत्तरेकडे सरकत होती. १८२२ मध्ये वऱ्हाडात एक आधाररेषा मोजण्यात आली आणि पुढील वर्षी जानेवारीत लॅम्बटन हिंगणघाट येथे मरण पावला. मोजणी, नकाशा आणि गॅझेटियर यांच्यामुळे नावे प्रथमच एका ठराविक वर्तनीत बांधली गेली. इंग्रजी कागदपत्रांत चिखलदऱ्याचे ‘चिकल्डा’ झाले. त्यात खकार गेला, दऱ्याचा रकारही गेला. त्याबरोबर चिखल व दरा हे दोन्ही अर्थ लोपले. केवळ लिप्यंतरामुळे एक वर्णनात्मक नाव अर्थहीन होऊन बसले.

पठाराच्या कडेवरील प्रेक्षणस्थानांच्या नावांत ही सरमिसळ चांगली दिसते. हरिकेन पॉइंट व प्रॉस्पेक्ट पॉइंट ही नावे सरळ इंग्रजी आहेत. वारा व दृश्य या पाहुण्याला जाणवणाऱ्या गोष्टींवरून ती पडली. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, पंचबोल पॉइंट यांत पहिले पद स्थानिक व दुसरे इंग्रजी आहे. पंचबोल येथे हाकेचा प्रतिध्वनी पाच वेळा उमटतो, असे सांगतात. भीमकुंड, शक्कर तलाव, कालापानी ही नावे मात्र पाण्याशी निगडित असून त्यांना इंग्रजी प्रत्यय लागला नाही. जेथून पाहावयाचे ते स्थान पाहुण्यांच्या भाषेत आणि जेथून पाणी आणावयाचे ते रहिवाशांच्या भाषेत, असा हा भेद आहे.

निर्जन प्रदेशातील नामकरणाशी याची तुलना उपयुक्त ठरते. अंटार्क्टिकाच्या परिसरात मूळ रहिवासी नव्हते. त्यामुळे तेथील जवळजवळ प्रत्येक नावाचा दाता, तारीख व कारण सांगता येते. एलिफंट बेटावरील पॉइंट वाइल्ड या चिंचोळ्या भूशिराला नाव मिळाले ते फ्रँक वाइल्ड याच्यावरून. शॅकल्टनच्या मोहिमेतील बावीस जण १९१६ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली तेथे सुटकेची वाट पाहत चार महिन्यांहून अधिक काळ राहिले व ३० ऑगस्ट रोजी त्यांची सुटका झाली. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. पुढे उभारलेल्या स्थानकाला हिमालयातील तीर्थावरून ‘दक्षिण गंगोत्री’ हे नाव देण्यात आले. ते स्थानक बर्फात गाडले जाऊन १९९० च्या सुमारास वापरातून गेले, तरी नाव कागदोपत्री सुरक्षित राहिले. तेथे नाव टिकविण्याचे काम नकाशा व नामकोश करतात. जेथे पूर्वीपासून वस्ती आहे अशा प्रदेशात नकाशा हे काम पूर्णपणे करू शकत नाही. कारण नकाशात येतात त्याहून कितीतरी अधिक नावे लोकांच्या बोलण्यात असतात.

कोरकू नावे : मेळघाटातील प्रमुख आदिवासी जमात कोरकू होय. तिची भाषा मुंडा कुलातील असून मराठी, हिंदी वा गोंडी यांच्याहून सर्वस्वी भिन्न आहे. कोरो म्हणजे माणूस व कू हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून कोरकू म्हणजे माणसे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात कोरकू ही मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सु. ७·२७ लाख होती. मेळघाटाच्या मध्यातून वाहणाऱ्या सिपना नदीचे नाव कोरकू असून सिपना म्हणजे साग. सागाच्या जंगलातून जाणाऱ्या नदीचे हे नाव जितके नेमके, तितकेच ते मैदानातील वाचकाला अपरिचित आहे. ओढे, पाणवठे, टेकड्या, देवस्थाने व चराईच्या जागा यांची कोरकू नावे मोठ्या प्रमाणावर मौखिक आहेत. ज्ञात इतिहासात या प्रदेशाचे वर्णन लिहिणाऱ्यांनी संस्कृत, फार्सी, मराठी वा इंग्रजीत लिहिले. त्यामुळे येथे राहणाऱ्यांची भाषा कागदावर सर्वांत शेवटी आली.

सद्यःस्थिती : मेळघाट व्याघ्रप्रकल्पाची स्थापना १९७४ मध्ये झाली. देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत त्याचा समावेश होतो. अकोला जिल्ह्यातील नरनाळा अभयारण्यही त्याचा भाग आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील अनेक गावांचे पुनर्वसन करण्यात आले. बोरी, कोहा व कुंड ही गावे प्रथम हलली. पुढे वैराट, अमोना, नागरतास, बारूखेडा इ. गावे उठली. यांतील अनेक कुटुंबे डोंगर उतरून अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा तालुक्यांच्या मैदानात वसली. वन्य जीवांना सलग अधिवास मिळणे आणि ग्रामस्थांना शाळा, दवाखाना व रस्ता उपलब्ध होणे हे या धोरणाचे घोषित उद्देश होत. जमीन, पाणी व उपजीविका यांविषयीच्या तक्रारींवरून पुनर्वसितांमध्ये असंतोषही प्रकट झाला आहे.

स्थलनामांच्या दृष्टीने या स्थलांतराचा परिणाम दूरगामी आहे. गाव उठल्यावर त्याचे शिवार वनखात्याच्या क्रमांकित कक्षांत मोडते. गावाचे मुख्य नाव नकाशावर राहू शकते. वैराटसारखे कथेशी जोडलेले उंच शिखर तर विसरले जाण्याचा संभव नाही. परंतु त्या गावाच्या हद्दीतील ओढ्याला, बंधाऱ्याला वा वारुळाजवळच्या देवाला असलेले नाव उच्चारण्याचे प्रसंगच उरत नाहीत. चर्मांक हे नाव ताम्रपटामुळे टिकले नाही. ताम्रपट तर शतकानुशतके लोकांच्या दृष्टीआड होता. गाव वसते राहिले म्हणून नाव टिकले आणि म्हणूनच ताम्रपट सापडल्यावर तो कोणत्या गावाचा हे ओळखता आले. मेळघाटातील उठलेल्या गावांबाबत ही साखळी तुटली आहे. तेथील बारीकसारीक नावे ज्यांना ठाऊक आहेत अशा वयस्क पिढीकडून ती कोरकू उच्चारासह, अर्थासह व नेमक्या जागेसह नोंदवून घेणे हे भूगोल, भाषाशास्त्र व इतिहास या तिन्ही शास्त्रांचे समान कार्य आहे. ते करण्यास उपलब्ध असलेला काळ त्या पिढीच्या आयुर्मर्यादेएवढाच आहे.